बिंबा, भानुमती आणि बांदिवड्याची दुर्गा

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील बांदिवडे गावात ११ मे १९१४ रोजी दुर्गा केळेकर या मुलीचा जन्म झाला. मराठी रंगभूमी तिला ज्योत्स्ना भोळे या नावाने ओळखते. ज्योत्स्नाबाईंच्या गाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. या लघुपटात मात्र आपण त्यांच्या भूमिकांकडे पाहणार आहोत, कारण नटीने प्रेम कसे करावे, घर कसे सांभाळावे आणि कीर्ती किती मिरवावी, याविषयी समाजाच्या मनात जे प्रश्न होते, ते त्या भूमिकांमधूनच रंगमंचावर आले.

बांदिवडे म्हणजे अंत्रुज महाल, म्हणजेच फोंड्याचा परिसर, देवळांचा मुलूख. इथल्या देवस्थानांच्या सेवेत असलेल्या कलावंत घराण्यांतील मुलींना गाणे मिळत असे, लग्नाचा संसार मात्र समाज त्यांना नाकारीत असे. उत्सवाच्या रात्री ज्या चौकात त्यांच्या गाण्याला दाद मिळे, त्याच चौकात दिवसा त्यांच्या मुलांच्या बापाचे नाव विचारले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजातूनच सुधारणेची चळवळ उभी राहिली आणि अनेक कुटुंबांनी मुंबईची वाट धरली. दुर्गाही मोठी बहीण गिरिजाबाई यांच्याबरोबर गाणे शिकण्यासाठी मुंबईला गेली.

तिच्या दहा वर्षे आधी, १९०४ मध्ये, गोव्यातल्याच सांगे तालुक्यातील कुर्डी गावी पुढे ख्यातनाम गायिका झालेल्या मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म झाला होता. मुलीने मोठी गायिका व्हावे हा ध्यास घेतलेल्या आईने, जयश्रीबाईंनी, तिला नाटक मंडळीत घातले, आणि मुलगी जेमतेम दहा वर्षांची असताना आई गेली. पोरक्या मोगूने पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत भूमिका केल्या, मग रंगभूमी सोडून जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांच्याकडे तालीम घेतली. १९३९ मध्ये पती निवर्तले तेव्हा थोरली मुलगी किशोरी सात वर्षांची होती. मोगूबाईंनी शिकवण्या केल्या, मैफली केल्या आणि मुले वाढवली. त्या काळात आयोजक आपल्या आईशी सन्मानाने वागत नसत, हे किशोरी आमोणकरांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. १९७४ मध्ये मोगूबाईंना पद्मभूषण मिळाले, तोवर किशोरीताई स्वतःच मोठ्या गायिका झाल्या होत्या. आईचे प्रेम आणि आईची कठोर तालीम या घरात वेगळी करता येत नाही, आणि ती वेगळी करू पाहणाऱ्यांना हे नाते कळलेले नाही, असे मला वाटते.

दुर्गेची वाट निराळी होती. मुंबईत केशवराव भोळे यांची भावगीते गाता गाता तिची त्यांच्याशी ओळख झाली आणि १९३२ मध्ये दोघांचा विवाह झाला. केशवराव तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे होते. पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ या चित्रपटांना ज्यांनी संगीत दिले, तेच हे केशवराव. लग्नानंतर नाटक सोडायचे असा त्या काळचा शिरस्ता असताना इथे लग्नानंतरच नाटक सुरू झाले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या असा या संस्थेचा आग्रह होता. संगीत केशवरावांचे होते आणि नायिका बिंबा झाल्या होत्या एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाई.

हे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवर आधारलेले आहे. स्त्रीकडून ज्या शुद्ध वर्तनाची अपेक्षा समाज करतो, तेच वर्तन पुरुषाकडून का मागायचे नाही, हा त्याचा विषय आहे. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाचे श्रेय नेपथ्याला, लेखनाला आणि दिग्दर्शनाला दिले जाते. पण ज्या मुलुखात गाणाऱ्या बाईच्या चारित्र्याचा निवाडा तिच्या जन्माबरोबरच होत असे, त्या मुलुखातली एक मुलगी मुंबईच्या प्रेक्षकांसमोर उभी राहून पुरुषाच्या चारित्र्याचा हिशेब मागत होती, ही गोष्ट मला नेपथ्याहून फार मोठी वाटते.

नऊ वर्षांनी, १९४२ मध्ये, मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने ‘कुलवधू’ आणले. त्यातली भानुमती ही विवाहित अभिनेत्री आहे. तिची कीर्ती वाढत जाते तसतसा नवरा दुखावत जातो, आणि अखेरीस ती त्याचे घर सोडते, पण जाते ती सासू-सासऱ्यांकडे. या शेवटावर पुष्कळ टीका झाली आहे, आणि बंड करणाऱ्या स्त्रीला पुन्हा कुळाच्याच उंबऱ्याशी आणून ठेवले ही तक्रार खोटी म्हणता येत नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्या घराण्यांतील मुलींना ‘वधू’ हा शब्दच नाकारला गेला होता, त्यांच्या दृष्टीने नटी आणि कुलवधू एकाच देहात नांदू शकतात हे रंगमंचावरून ऐकणे साधे नव्हते. मास्टर कृष्णरावांच्या चालीतले ‘बोला अमृत बोला’ आजही गोव्यातल्या मैफलींत गायले जाते, आणि ते ऐकताना मला सुरांच्या आधी भानुमती आठवते.

आई म्हणून ज्योत्स्नाबाईंनी काय केले, याची नोंद त्यांच्या प्रयोगांच्या नोंदींइतकी सहज सापडत नाही. दौरे, तालमी आणि रेडिओचे कार्यक्रम यांच्यामध्ये मुलांची आजारपणे, शाळा आणि सणवार होतेच, पण नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना ती नोंद करण्याजोगी वाटली नाहीत. नटाला कोणी विचारीत नाही की प्रयोगाच्या रात्री तुमचे मूल कोणाजवळ असते. नटीला मात्र हा प्रश्न विचारला जातो, आणि तिचे उत्तर कोणी जपून ठेवत नाही.

राजा बढे यांनी लिहिलेले आणि पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले ‘माझिया माहेरा जा’ हे गीत ज्योत्स्नाबाईंच्या आवाजात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचले. सासरी असलेल्या मुलीने पाखराला माहेरी धाडावे अशी त्याची कल्पना आहे. त्यांचे स्वतःचे माहेर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली, एका वेगळ्या देशाच्या हद्दीत होते. गाताना त्यांच्या मनात काय होते हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, पण बांदिवड्यात हे गीत ऐकणाऱ्या वडीलधाऱ्या बायका ते आपल्या लेकीचे म्हणूनच ऐकत आल्या आहेत.

१९७७ मध्ये केशवराव गेले. नवरा, गुरू आणि संगीतकार अशा तिन्ही नात्यांनी पंचेचाळीस वर्षे बरोबर असलेला माणूस गेल्यावर उरलेली चोवीस वर्षे ज्योत्स्नाबाई जगल्या. २००१ हे वर्ष गोमंतकाच्या दृष्टीने कठीण ठरले. १० फेब्रुवारीला मोगूबाई गेल्या आणि ५ ऑगस्टला ज्योत्स्नाबाई. पुण्यात हिराबागेजवळ ज्योत्स्नाबाईंच्या नावाचे सभागृह आहे.

गोव्यात आजही उत्सवी नाटके होतात आणि कला अकादमीच्या स्पर्धेसाठी तालमी रंगतात. त्या तालमींना येणाऱ्या स्त्रियांमध्ये शिक्षिका आहेत, कचेरीत नोकरी करणाऱ्या आहेत, आणि लहान मुलाला कडेवर घेऊन येणाऱ्याही आहेत. त्यांच्या मुलांना तालमीच्या वेळेपुरती एक खोली, एक चटई आणि एक जाणते माणूस मिळावे, एवढी व्यवस्था आपल्या प्रत्येक नाट्यगृहाने करावी, अशी विनंती या लघुपटाच्या वतीने आम्ही करीत आहोत.