वाचलेला कागद

(दृश्य : कार्यालयातलं कपाट. दार उघडतं. खालच्या फळीवर पाकीटबंद गठ्ठे, वर धुळीचा थर.)

हे गठ्ठे कुणी फोडलेलेही नाहीत. आतल्या पुस्तिका उत्तम आहेत. कागद जाड, छपाई स्वच्छ, मुखपृष्ठाला चकाकी. फक्त त्यांवरचा फोन नंबर आता लागत नाही, आणि सातव्या पृष्ठावरची सेवा बंद झाली आहे.

समजा, या पुस्तिका छापायच्या ठरल्या तेव्हा टेबलावर दोन दर होते. एक २,००० प्रतींचा, दुसरा ५,००० प्रतींचा. पाच हजारांत एक प्रत बरीच स्वस्त पडत होती, म्हणून पाच हजार छापल्या. वाटल्या गेल्या १,८००. उरलेल्या ३,२०० इथं आहेत.

छापखान्यात गेल्यावर आपला पहिला प्रश्न असतो, ‘एका प्रतीला किती पडतील?’ प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. विचारायला हवं ते असं : जी प्रत खरोखर कुणाच्या हाती जाईल, त्या प्रतीला किती पडतील? पाच हजारांचं बिल अठराशेनं भागून पाहा. स्वस्ताई तिथंच संपते. आणि त्या ३,२०० प्रतींसाठी लागलेलं लाकूड, पाणी, वीज आणि शाई यांचा हिशेब तर बिलावर कुठंच नसतो.

मराठीत ‘वाचणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. अक्षरं वाचणं आणि खर्च होता होता वाचणं. छपाईच्या धंद्यात हे दोन्ही अर्थ एकाच हिशेबात येतात. या फिल्ममध्ये तोच हिशेब मांडायचा आहे.

(दृश्य : ऑफसेट मशीन सुरू होतं. पहिले ताव बाहेर पडतात. रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, अक्षरांना लाल-निळ्या कडा.)

प्रती वाढल्या की दर का उतरतो, ते आधी पाहू.

ऑफसेट छपाईत मजकूर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उतरवतात. ही प्लेट. रंगीत कामाला चार प्लेटा लागतात : सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. प्लेटेवरची शाई रबरी ब्लँकेटवर येते आणि ब्लँकेटवरून कागदावर. चारही रंग एकमेकांवर अचूक बसेपर्यंत, शाईचं आणि पाण्याचं प्रमाण जमेपर्यंत जे ताव बाहेर पडतात ते वाया जातात. प्लेटांचा खर्च आणि जुळवणीत गेलेले ताव तुम्ही १०० प्रती छापा की १०,०००, जवळपास तेवढेच. हा खर्च १०० प्रतींत वाटला तर अंगावर येतो, १०,००० प्रतींत वाटला तर जाणवतही नाही.

या तंत्राची सुरुवातच मुळी काटकसरीतून झाली. १७९६ च्या सुमारास बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डर या तरुण नाटककाराला स्वतःची नाटकं छापायची होती आणि पैसे नव्हते. तांब्याचे पत्रे महाग, म्हणून तो चुनखडीच्या दगडावर प्रयोग करत होता. आईनं धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून घ्यायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यानं ती मेणकट शाईनं दगडावरच लिहिली. ही हकीकत त्यानं स्वतःच सांगून ठेवली आहे. त्या धडपडीतून शिळाछाप आली. तेल आणि पाणी मिसळत नाही, या एका गोष्टीवर ती उभी होती आणि आजचं ऑफसेट मशीनही त्याच गोष्टीवर चालतं.

डिजिटल छपाईत प्लेट नसते. पहिल्या प्रतीला जेवढा खर्च, जवळपास तेवढाच शंभराव्या प्रतीला. म्हणून थोड्या प्रतींना डिजिटल परवडतं, खूप प्रतींना ऑफसेट. ही सीमा नेमकी किती प्रतींवर पडते, ते कामाचा आकार, पृष्ठसंख्या आणि मशीन यांवर ठरतं. त्यामुळे एकाच कामाचे दोन्ही दर मागवावेत. माझं मत स्पष्ट आहे : ज्या मजकुरात वर्षभरात काहीही बदलू शकतं, तो दोन-तीन खेपांत थोडा थोडा छापावा, मग प्रतीमागचा दर जास्त दिसला तरी चालेल.

(दृश्य : कटिंग मशीन. पातं खाली येतं. तावाची लांब पांढरी पट्टी बाजूला पडते.)

आता ही पट्टी बघा. तिच्यावर काहीही छापलेलं नाही. तरी तिचे पैसे ग्राहकानंच दिलेले आहेत.

मोठ्या संख्येच्या कामात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा बहुधा कागदाचाच असतो. आणि कागद किती लागेल हे छापखान्यात ठरत नाही, डिझायनरच्या पडद्यावर ठरतं. तिथं आकार निवडला की पुढचं सगळं ठरून जातं.

एक उदाहरण घेऊ. ताव ७० × १०० सेंटीमीटरचा. त्यावर चौकोनी कार्ड छापायचं आहे. डिझायनरनं २४ सेंटीमीटर बाजू धरली. चारही कडांना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना छाटली जाणारी जादा छपाई, सोडलं की एक कार्ड २४.६ सेंटीमीटरची जागा खातं. लांबीत चार बसतात, रुंदीत दोन. तिसरं बसत नाही, थोडक्यात हुकतं. एका तावात आठ कार्डं.

आता तीच बाजू २२ सेंटीमीटर करू. ब्लीडसकट २२.६. लांबीत पुन्हा चार, पण रुंदीत आता तीन. शिवाय मशीनच्या ग्रिपरला ताव धरायला २ सेंटीमीटरहून थोडी जास्त जागा उरते. एका तावात बारा कार्डं.

१२,००० कार्डं छापायची असतील तर पहिल्या आकाराला १,५०० ताव लागतात, दुसऱ्याला १,०००. कार्डाची बाजू २ सेंटीमीटरनं कमी झाली आणि एक तृतीयांश कागद वाचला. हातात घेऊन पाहणाऱ्याला हा फरक क्वचितच कळेल. इतका सोपा फायदा केवळ वेळेवर विचारलं नाही म्हणून हातचा जातो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. डिझाइन सुरू करण्याआधी मुद्रकाला एकच फोन करायचा आणि विचारायचं, ‘तुमच्याकडे ताव कोणत्या मापाचा आहे? त्यात कोणता आकार नीट बसेल?’

तावातून हमखास पट्टी उरणार असेल, तर तिच्यावर व्हिजिटिंग कार्डं, बुकमार्क किंवा किमतीच्या चिठ्ठ्या लावता येतात. तो कागद कापला जाणारच असतो. आणखी एक जुनी युक्ती मुद्रकांना माहीत असते. प्लेटेच्या अर्ध्या भागात पुढची बाजू आणि उरलेल्या अर्ध्यात मागची लावायची, ताव उलटून पुन्हा त्याच प्लेटांवर चालवायचा. आठ प्लेटांचं काम चार प्लेटांत होतं. वापरलेल्या प्लेटा वितळवून त्यांचं पुन्हा ॲल्युमिनियम करता येतं, आणि त्याला खनिजापासून नवं ॲल्युमिनियम बनवण्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा पुरते. तरी जी प्लेट बनवावीच लागली नाही, ती त्याहून बरी.

(दृश्य : तराजूवर दोन पुस्तिका, शेजारी शेजारी.)

आकारानंतर वजन. कागदाच्या जाडीबद्दल बोलताना ‘जीएसएम’ हा शब्द सतत येतो. त्याचा अर्थ, एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-० हा कागद बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए-४ त्याचा सोळावा भाग. १९२२ साली जर्मनीत ही मापं प्रमाण म्हणून ठरली. त्यामुळे तराजू नसला तरी हिशेब करता येतो : ८० जीएसएमचं ए-४ पान ५ ग्रॅमचं.

ए-४ आकाराची १६ पृष्ठांची पुस्तिका म्हणजे ८ पानं. १३० जीएसएमला ती ६५ ग्रॅम भरते, १०० जीएसएमला ५० ग्रॅम. पाच हजार प्रतींमागे ७५ किलोचा फरक पडतो. तेवढा कागद कमी लागतो, आणि पाठवताना तेवढं ओझं कमी वाहावं लागतं. कागद फार पातळ झाला तर मागची अक्षरं पुढं दिसतात, ही अडचण खरी आहे. म्हणून वजन ठरवण्याआधी त्याच कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेला नमुना मागा आणि उजेडात धरून बघा.

(दृश्य : कपाटातल्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ. हात त्याचा कोपरा फाडतात. कागद फाटतो, वर पारदर्शक पापुद्रा ताणला जातो.)

ही चकाकी म्हणजे लॅमिनेशन, कागदावर चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म.

रद्दीचा पुन्हा कागद होतो तेव्हा ती आधी पाण्यात घुसळतात. तंतू सुटे होतात, लगदा बनतो. मग त्या लगद्यातून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेस काढून टाकतात. छापील कागदातून शाई काढायची कल्पना फार जुनी आहे. गॉटिंगेनच्या युस्टुस क्लाप्रोट या कायद्याच्या प्राध्यापकानं १७७४ मध्ये तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढली होती. पण त्याच्या काळात प्लॅस्टिक नव्हतं. फिल्म लावलेला कागद पाण्यात सहज सुटत नाही. फिल्म तंतूंना धरून ठेवते, जाळीवर अडकते आणि चांगल्या तंतूंसकट बाहेर फेकली जाते. पुस्तिकेला मारलेल्या लोखंडी पिनांची मात्र एवढी काळजी नको. त्या जड असतात, चाळताना वेगळ्या होतात.

वर्षानुवर्षं ओल्या हातांनी हाताळायचं सूचना-कार्ड असेल तर लॅमिनेशन जरूर करावं. तिथं ते दहा कार्डांचं काम एका कार्डात करतं. पण दोन महिन्यांत जुनी होणाऱ्या पुस्तिकेला ते कशासाठी? मुखपृष्ठावर बोटांचे डाग पडू नयेत एवढंच हवं असेल तर पाण्यावर आधारित वॉर्निश पुरतं. ते मशीनवरच चढतं, फिल्मपेक्षा बहुधा स्वस्त पडतं आणि लगदा होताना आड येत नाही. मुळात मुखपृष्ठाला गडद रंग पूर्ण भरला नाही तर डागांचा प्रश्नच कमी होतो, शाईही कमी लागते, आणि ताव लवकर वाळतात.

शाईचं थोडक्यात. ऑफसेट शाईत पूर्वी मुख्यतः खनिज तेल असे. सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी पर्याय शोधायला घेतला आणि १९८७ मध्ये आयोवा राज्यातल्या ‘द गॅझेट’नं सोयाबीन तेलाची शाई वापरून अंक काढला. आता वनस्पती तेलाच्या शाया अनेक छापखान्यांत असतात. अतिनील प्रकाशानं वाळणाऱ्या शाईचं काम मात्र विचारून करावं. ती चटकन वाळते, पण तिचा थर कडक होतो आणि रद्दीतून काढायला अवघड जातो.

(दृश्य : कागदाचे नमुने. एक शुभ्र, एक करडा, एक मातकट.)

यांतला ‘पर्यावरणपूरक’ कागद कोणता? रंगावरून सांगता येत नाही. मातकट कागद नव्या लगद्याला रंग देऊनही करतात, आणि रद्दीपासून केलेला कागद चांगला पांढराही असू शकतो. म्हणून रंग बघू नका, कागदपत्र मागा. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या, जंगलांची नीट निगा राखली जाते का ते तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत चालवणाऱ्या एफएससी या संस्थेच्या खुणेचे तीन प्रकार आहेत : पूर्ण प्रमाणित जंगलातला कागद, पूर्ण पुनर्प्रक्रिया केलेला कागद आणि मिश्र. ‘मिश्र’ म्हणजे पूर्ण पुनर्प्रक्रिया केलेला नव्हे, हे लक्षात ठेवावं. आणि नुसता प्रमाणित कागद वापरला म्हणून पुस्तिकेवर ती खूण छापता येत नाही. त्यासाठी छापखानाही प्रमाणित असावा लागतो. काम देण्याआधी हे विचारलं नाही, तर जास्त पैसे मोजूनही खूण मिळत नाही.

रद्दीच्या प्रत्येक फेरीत तंतू थोडे आखूड होतात, त्यामुळे नव्या तंतूंची भर घालावीच लागते. म्हणजे पुनर्प्रक्रिया केलेला कागद वापरला तरी जास्तीच्या प्रती बिनखर्चाच्या ठरत नाहीत.

(दृश्य : टेबलावर प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत. लाल पेन. फोन नंबरावर बोट ठेवून एकजण वाचतो, दुसरा तो नंबर प्रत्यक्ष फिरवून पाहतो.)

या पाच मिनिटांइतकी बचत दुसऱ्या कशातच नाही. चूक छापून झाल्यावर सापडली तर कागद, शाई, प्लेटा, वीज, सगळं पुन्हा लागतं. प्रूफ ज्यानं मजकूर लिहिला त्याच्याखेरीज आणखी कुणीतरी वाचावं. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

आणि जे बदलणारं आहे ते कागदावर न छापलेलंच बरं. दरपत्रक, वेळापत्रक, माणसांची नावं यांच्यासाठी एक क्यूआर कोड द्यावा. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीनं तो कारखान्यातल्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. कोडचा पत्ता आपल्या ताब्यातल्या संकेतस्थळाचा ठेवला, तर आतला मजकूर कधीही बदलता येतो आणि छापलेली पुस्तिका जुनी होत नाही.

(दृश्य : पुन्हा तेच कपाट. गठ्ठे बाहेर काढले जात आहेत.)

त्या ३,२०० पुस्तिका आज रद्दीत निघाल्या. दोघंजण बसून प्रत्येकीचं मुखपृष्ठ फाडून वेगळं करत आहेत, कारण त्यावर फिल्म आहे. दुपार त्यातच गेली.

नवी पुस्तिका ६०० प्रतींची. १०० जीएसएम, वॉर्निश, मागच्या पृष्ठावर कोड.

(दृश्य : काही महिन्यांनंतर. खालची फळी. एकच पाकीट, फोडलेलं. एक हात उरलेल्या प्रती मोजतो.)

चाळीस उरल्या आहेत. पुढच्या खेपेच्या मजकुरात दोन ओळी बदलायच्या आहेत. मुद्रकाकडून प्रूफ आलं आहे, ते टेबलावर ठेवलं आहे.