मांडी घालता येणारा पाय

(दृश्य : जयपूर. कार्यशाळेतलं मेज. साच्यातून नुकतंच काढलेलं रबराचं पाऊल.)

हे पाऊल जवळून बघा. वरून रबर, रंग आपल्या कातडीचा, बोटंसुद्धा घडवलेली. आत स्पंजासारख्या रबराचे ठोकळे आणि थोडं लाकूड. हातात धरून दाबलं की चवडा वाकतो, घोट्यापाशी ते इकडेतिकडे वळतं. शेताच्या बांधावर टेकवलं तर जमिनीचा उतार धरतं. हेच जयपूर फूट, पाय गमावलेल्यांसाठीचा कृत्रिम पाय.

त्याआधी मिळायचा तो परदेशी धाटणीचा पाय. 1950 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला तयार झालेला ‘सॅच’ पाय जगभर पोचला होता. काम उत्तमच होतं, पण ते खुर्चीवर बसणाऱ्या, दिवसभर बूट घालणाऱ्या माणसासाठी. घोटा ताठ, बुटाशिवाय चालणं अवघड. आपल्याकडे जेवायला पाटावर बसायचं, देवळात अनवाणी जायचं, चिखलात उभं राहून काम करायचं, परसाकडे उकिडवं बसायचं. लोक मिळालेला पाय घरात ठेवून देत आणि पुन्हा कुबड्या घेत.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी दोष रुग्णांना दिला नाही, पायातच शोधला. त्यांना साथ मिळाली मास्टरजी रामचंद्र शर्मा यांची. शालेय शिक्षण जेमतेम, पण हातात पिढीजात कारागिरी. दोघांनी मिळून 1968 च्या सुमाराला हा पाय घडवला. 1981 मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण मास्टरजींचं नाव आजही मागेच राहतं, याची खंत वाटते. रबर कुठे मऊ हवं आणि कुठे कडक, हे त्यांच्या बोटांना कळत होतं.

(दृश्य : भिंतीला टेकवून ठेवलेले पाय. मापं घेणारा कारागीर.)

1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हे पाय मोफत बसवले जाऊ लागले. पण ज्यांचा पाय गुडघ्याच्या वरून गेला, त्यांची अडचण वेगळी. त्यांना मिळणारा साधा गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच आसावर फिरायचा. खडबडीत वाटेवर तो अचानक दुमडायचा आणि माणूस पडायचा. टिकाऊ, स्थिर गुडघे होते, पण त्यांची किंमत हजारो डॉलर.

हाच प्रश्न समितीने अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठापुढे ठेवला. 2008 मध्ये तिथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून हाती घेतला. विद्यापीठं गावोगावच्या अपंगांसाठी काम करतात तेव्हा बहुतेकदा उत्तर घेऊनच येतात. इथे प्रश्न जयपूरचा होता, तोही तिथे रोज पाय बसवणाऱ्यांनी मांडलेला. म्हणून ही भागीदारी मला मोलाची वाटते.

विद्यार्थ्यांनी गुडघ्यात चार दुवे जोडले. पाय वाकताना फिरण्याचा आस जागा बदलतो, त्यामुळे उभं राहताना गुडघा दगा देत नाही आणि बसताना भरपूर वाकतो. साहित्य तेल मुरवलेलं नायलॉन, म्हणजे वंगणाची वेगळी कटकट नाही. खर्च सुमारे 20 डॉलर. 2009 मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत या गुडघ्याला जागा दिली. तोवर जयपुरात तो लोकांना बसवायला सुरुवातही झाली होती.