बार्शी लाइटचं विलायती भावंड

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरची ही दरी. उन्हाळ्यात इथली मॅनिफोल्ड नदी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली जाते, पात्र कोरडं पडतं. काठावरच्या या वाटेवर एकेकाळी रूळ होते. दोन रुळांत अंतर अडीच फूट, आपल्या बार्शी लाइट या छोट्या रेल्वेचं होतं तसंच.

हा योगायोग नाही. बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये गाडी आणली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने. रूळ हलके, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, तरी डबे मात्र ऐसपैस. बार्शीत जमलेलं हे गणित घेऊन तो मॅनिफोल्डला आला. २७ जून १९०४ ला वॉटरहाउसेस ते हल्म एंड ही सव्वाआठ मैलांची लाइन सुरू झाली.

हे डबे बघा. दोन्ही टोकांना सज्जे, रंग फिकट पिवळा. विलायती गाडी म्हणून कोणी ओळखणार नाही! इंजिनं दोनच, त्यातल्या एकावर कॅलथ्रॉपचंच नाव.

खरी गंमत मालगाडीत होती. मोठ्या लाइनवरची वाघीण, म्हणजे मालाचा डबा, आली की ती जशीच्या तशी एका बुटक्या, रूळ बसवलेल्या गाड्यावर ढकलायची आणि छोट्या इंजिनाने ओढत न्यायची. स्टेशनात तेवढ्यापुरते मोठ्या मापाचे रूळ टाकलेले असत. वाघीण त्यांवर उतरवली की काम झालं. माल इकडून तिकडे भरायची हमाली वाचली.

पण भरायला माल होता कुठे? दरीतल्या इक्टनच्या तांब्याच्या खाणी आधीच बंद पडलेल्या. गाडी दरीच्या तळातून धावे आणि गावं वर डोंगरावर. स्टेशन गाठायचं म्हणजे उतरण, परतताना चढण. सुट्टीत सहलीची गर्दी व्हायची, पण ती काही बाराही महिने नसते. बार्शी लाइटला पंढरपूरचे वारकरी होते, बार्शीची बाजारपेठ होती. इथे भरवसा होता तो दुधाचा. इक्टनची डेअरी बंद झाली, दूध लॉरीतून जाऊ लागलं, आणि मार्च १९३४ मध्ये गाडी थांबली. जेमतेम तीस वर्षं! बार्शी लाइटने शंभरी ओलांडली.

रूळ उखडले, इंजिनं भंगारात गेली. १९३७ पासून ही पायवाट झाली. स्वेन्सलीच्या बोगद्यातून आता मोटारी जातात, आणि हल्म एंडला इंजिनशेडच्या जागी चहा मिळतो.