गवसणीखालची चीर

(सकाळ. पुण्यातल्या पर्वतीचा पायथा, जनता वसाहतीची अरुंद बोळ. नळावरचे हंडे, कुठेतरी रेडिओ. एक बाई चपला घालून निघते. चेहरा दिसत नाही.)

सव्वासातला मावशी घराबाहेर पडतात. सहकारनगर इथून चालत वीस मिनिटांवर. चार घरं, केर-फरशी आणि भांडी, एका घरी धुणंसुद्धा. महिन्याचे मिळून 11,500 रुपये. कमरेच्या बटव्यात तीन किल्ल्या असतात. चार घरांपैकी तीन घरांची दारं त्या स्वतः उघडतात.

मावशींचं नाव या चित्रफितीत येणार नाही. त्यांनीच तशी अट घातली. "काकूंच्या घरचं काय ते काकूंना माहीत आहे. बाकीच्या तीन घरांत कशाला?"

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गोष्ट एका अपघाताची आहे, आणि या धंद्यात अपघाताची बातमी जिन्यावरून खाली उतरते तेव्हा तिचा आकार वाढलेला असतो.

(स्वयंपाकघर. ओटा, सिंक, पालथी घातलेली भांडी.)

काय काय फुटतं, असं आम्ही विचारलं. मावशी हसल्या. "मोठ्या वस्तूला आपण भितोच, म्हणून ती जपून उचलतो. मोडतं ते बारीक. कपाचे कान. बरणीचं झाकण. फोटोची काच."

फुटलेला कप त्या कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत. ओट्यावर, समोर दिसेल असा ठेवतात, तुटलेला कान शेजारी. "डब्यात टाकला की लपवला असं होतं. मग खरं सांगितलं तरी खोटं वाटतं." ही रीत त्यांना कुणी शिकवली नाही. पहिल्याच घरात, 1998 मध्ये, एक बशी डब्यात सापडली आणि महिनाभर बोलणी खावी लागली, तेव्हा त्या स्वतःच शिकल्या.

त्यांची सून एका सफाई करणाऱ्या कंपनीत जाते. तिथली तऱ्हा वेगळी. काम सुरू करण्याआधी घराचे फोटो मोबाइलवर काढून घ्यायचे, म्हणजे आधीचा चरा कुणाचा हा वाद उरत नाही. संगमरवराच्या फरशीला ॲसिड तर सोडाच, लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा लावायचं नाही. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आंबट पदार्थ त्याला खातो. जो पांढुरका डाग दिसतो तो पुसून जात नाही, कारण तो वर बसलेला नसतोच, दगडच तेवढा झिजलेला असतो. मग पॉलिशवाल्याला बोलवा. टीव्हीच्या पडद्यावर फवारा मारायचा नाही, कोरडं मऊ फडकं फिरवायचं. नॉनस्टिकला तारेची घासणी नको. सून हे सगळं पाठ म्हणून दाखवते आणि मावशी ऐकून घेतात. "आम्हाला हे कोण सांगणार? मालकीणबाईंची कढई खरवडून झाली की मग कळायचं, ही वेगळी असते म्हणून."

(सहकारनगर. जुनी तीन मजली इमारत, जिना, पितळी कडीचं दार.)

काकूंच्या घरी मावशी 19 वर्षं येतात. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. शाळेत संगीत शिकवायच्या, निवृत्त होऊनही पुष्कळ वर्षं झाली. मुलगी मुंबईला. घरात काकू, पुस्तकं, देव आणि बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात गवसणी, म्हणजे खोळ, घातलेला तानपुरा.

तानपुरा मिरजेचा. ज्यांना मिरज ठाऊक आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यं बनतात. बनवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, चकाकी देणारे. तलवारींचे दिवस सरत आले तसे ते हात वाद्यांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्याचा भोपळा मात्र मिरजेचा नसतो. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शेतांतून. वेलीवर वाढलेला खराखुरा कडू भोपळा, वाळवलेला, पोकळ. त्यावर लाकडाची तबली, वर लांब दांडी, चार तारा.

म्हणजे एवढ्या दिमाखदार वस्तूचं पोट हे शेवटी एका वाळलेल्या फळाचं साल असतं. पडलं की ते अंड्यासारखं तडकतं.

(कोपरा. रिकामी भिंत. फरशीवर ओल्या फडक्याचा ओघळ.)

घटस्थापनेच्या आदला दिवस. नवरात्राआधीची साफसफाई. काकू बँकेत आणि तिथून डॉक्टरांकडे गेल्या होत्या. मावशींनी किल्लीनं दार उघडलं, जळमटं काढली, पंखे पुसले, आणि फरशीला हात घातला. कोपरा राहू नये म्हणून तानपुरा एका हातानं धरून जरा बाजूला सरकवला आणि भिंतीला टेकवला. फरशी ओली होती.

"आवाज मोठा नव्हता," मावशी सांगतात. "तारा वाजल्या. चारही. मला वाटलं, काही झालं नाही, वाजला म्हणजे चांगला आहे."

गवसणीची नाडी सोडून पाहिलं. भोपळ्यावर वीतभर लांब चीर. एका जागी साल आत दबलेली.

पुढच्या दहा मिनिटांबद्दल मावशी आम्हाला पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, कॅमेरा बंद असताना बोलल्या, आणि मग म्हणाल्या की घाला, काही हरकत नाही. त्यांनी गवसणी परत चढवली. नाडी बांधली. तानपुरा होता तसा कोपऱ्यात ठेवला, चिरेची बाजू भिंतीकडे करून. फरशी पुरी केली. कुलूप लावलं आणि दुसऱ्या घरी गेल्या.

काकू आता फारशा गात नाहीत. गवसणी निघाली असती ती नवमीला. खंडेनवमीला घरोघरी अवजारांची पूजा होते. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, आणि गाणाऱ्याच्या घरी तानपुरा. मध्ये आठ-नऊ दिवस होते. तोवर घरात पाहुणे येऊन गेले असते, मुलगी येऊन गेली असती, नातू खेळून गेले असते. चीर कुणाची, हे कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं.

"दुसऱ्या घरी भांडी घासली. तिथली बाई काहीतरी बोलत होती, मला ऐकू येईना. कढई तशीच ठेवली आणि परत आले."

किल्ली बटव्यात होती, तरी त्या आत गेल्या नाहीत. जिन्यात बसल्या. त्या दिवशी उरलेली दोन घरं बुडाली. फोन का नाही केला? "फोनवर नुसतं रडू आलं असतं. आणि काकू रस्त्यात असणार, रिक्षात. त्यांना तिथं कशाला सांगायचं?"

साडेपाचला काकू आल्या. दार उघडण्याआधीच मावशींनी सांगून टाकलं. वाक्य त्यांना आजही तोंडपाठ आहे. "काकू, माझ्या हातनं तानपुरा पडला. भोपळ्याला चीर गेलीय. मी गवसणी घालून ठेवला होता, पण सांगायला थांबले."

त्या वाक्यातला शेवटचा भाग बघा. गवसणी घातल्याचंही त्यांनी सांगितलं. पडल्याचं अनेकजण सांगतात. लपवायला गेलो होतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

(काकूंची मुलाखत. खिडकीजवळची खुर्ची.)

काकू म्हणाल्या, "मी काही बोलले नाही, कारण मला बोलता येईना. भोपळ्यावर बोटानं वाजवून पाहिलं. बद्द आवाज. तो तानपुरा माझ्या वडिलांनी घेऊन दिलेला. मी तिला म्हटलं, तू आज घरी जा."

'तू आज घरी जा.' काकूंच्या मनात त्याचा अर्थ एवढाच होता, की मला एकटीला बसू दे. मावशींनी ऐकला तो अर्थ वेगळा होता. घरकाम करणाऱ्या बाईला काम सुटल्याचं असंच सांगतात. ना नोटीस, ना कागद.

(जुन्या मोर्चाची वर्तमानपत्री कात्रणं. संघटनेचं कार्यालय.)

इथे जरा थांबतो, कारण ही भीती काही मावशींच्या मनाचा खेळ नाही. 1980 साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगार, आजारपणाची रजा, दिवाळीचा बोनस यांबद्दल मालकिणींशी बोलायचं धैर्य त्या पिढीनं कमावलं. पुढे 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी आली, निधी आला, वयाची 55 वर्षं पूर्ण झालेल्यांना 10,000 रुपये सन्मानधन आलं. मावशींकडे नोंदणीचं कार्ड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. पण हातून वस्तू मोडली तर काय, या प्रश्नाला त्या कार्डाचा उपयोग नाही.

कारखान्यातल्या कामगाराला मात्र कायद्याचा आधार आहे. 1936 च्या वेतन अदायगी कायद्यानं सांगितलं, की नुकसानीपोटी पगार कापायचा तर वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली हवी, नुकसान त्याच्याच हयगयीनं झालेलं हवं, कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा एक पैसाही जास्त कापता येणार नाही. 2019 च्या वेतन संहितेतही हे तत्त्व आहे. साधी, शहाणी कलमं आहेत. फ्लॅटच्या दारावर ती येऊन थांबतात. आत मालकिणीचा स्वभाव हाच कायदा.

मावशींच्या शेजारणीचा मिक्सरचा पॉट फुटला, तर चार महिने पगारातून पैसे गेले. पॉटची किंमत किती, हे तिला कुणी दाखवलं नाही. तिनंही विचारलं नाही.

(पुन्हा जिना. दुसऱ्या दिवशीची सकाळ.)

दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळेला गेल्या. बेल वाजवली. किल्ली तळहातावर घेऊन उभ्या राहिल्या.

"मी विचारलं, हे काय?" काकू सांगतात. "म्हणाली, किल्ली. मी म्हटलं, अगं ठेव ती. आणि आत ये, घट बसवायचेत, माझ्याच्यानं वाकवत नाही."

हे ऐकून आम्हाला वाटलं, संपलं. सुटलं. पण खरी रस्सीखेच त्यानंतरची आहे, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यात महत्त्वाची. मावशी म्हणाल्या, महिना 500 कापा. काकू म्हणाल्या, एक पैसा घेणार नाही. मावशी ऐकेनात. चहा झाला, घट बसले, तरी दोघींचं चालूच.

मला काकूंचं पटत होतं. ज्या बाईचा महिना 11,500 आहे तिच्याकडून कसले पैसे घ्यायचे? मावशींना विचारलं तेव्हा त्या जरा चिडल्याच. "फुकट सोडलं की ते सुटत नाही. पुढे मी सुट्टी मागितली, दिवाळीचं बोलले, की मनात येणार, त्यांनी तर तानपुरा सोडला होता. मग माझं तोंड बंद."

काकूंनी तोवर आणखी एक गोष्ट कबूल केली होती. तानपुरा असा कोपऱ्यात उभा ठेवायचाच नसतो. विद्यार्थ्यांना त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या, आडवा ठेवा, नाहीतर गादीवर नीट टेकवा. स्वतःच्या घरी मात्र जागा पुरत नाही म्हणून उभा. "ओल्या फरशीवर कुणीही पाडला असता. मीसुद्धा."

(मिरज. कारागिराचे हात, भोपळ्याच्या आत घातलेली बोटं, सरसाची वाटी.)

मुलीच्या गाडीतून तानपुरा मिरजेला गेला. भोपळ्याची चीर ही कारागिरांना रोजची. तबली उघडायची, दबलेला भाग आतून हळूहळू बाहेर लोटायचा, चीर जुळवून सरस भरायचा, आतून पट्टी द्यायची, वाळेपर्यंत बांधून ठेवायचं, आणि शेवटी रंग-पॉलिश. घाई चालत नाही. खर्च आला 3,200. त्यातले 500 मावशींचे, एकदाच. काकूंनी ते हिशेबाच्या वहीत लिहिले: 'तानपुरा दुरुस्ती, जमा 500.' खाली तारीख. वही आम्ही पाहिली. वरच्या ओळीत दूध आहे, खालच्या ओळीत वीजबिल.

नवमीला तानपुरा घरी नव्हता. पूजेत काकूंनी त्याची रिकामी गवसणी घडी करून ठेवली, वर एक झेंडूचं फूल. मावशींनी शेजारी आपला केरसुणीचा मुठा ठेवला. कुणी सांगितलं म्हणून नाही. अवजारांची पूजा होती, आणि ते त्यांचं अवजार.

(तानपुरा वाजतो. खिडकीतून ऊन.)

तानपुरा परत आला तो दिवाळीनंतर. काकूंच्या मते खर्जाची तार पूर्वीइतकी घुमत नाही. मावशींना काही फरक ऐकू येत नाही, आणि त्या तसं स्पष्ट सांगतात. "मला तर आहे तसाच वाटतो. काकूंना उगाच वाटतं." यावर काकू काही बोलत नाहीत, तारेखालचा जवारीचा दोरा थोडा सरकवतात आणि पुन्हा तार छेडतात.

चीर शोधली तर सापडते. उजेडात, डाव्या बाजूला, पॉलिशखाली केसाएवढी.

आता सकाळी फरशीला पाणी घेण्याआधी मावशी आतल्या खोलीकडे हाक मारतात. काकू काठी टेकत येतात. एकीचा हात दांडीला, दुसरीचा भोपळ्याखाली, असा तानपुरा पलंगावर आडवा जातो.

मग बादली येते.