भूत महाग, घर स्वस्त

मंडळी, तुमच्यापैकी चार-पाच जण तरी आज पिशवीत पटकथा घेऊन आलेत, आणि त्यात एक पडका वाडा आहे, हे मी न बघता सांगतो. बजेट काय, विचारत नाही. त्याऐवजी स्वस्तात सिनेमे काढणारा अमेरिकन दिग्दर्शक-निर्माता रॉजर कॉर्मन याचा हिशेब सांगतो. हा गडी मुळात इंजिनिअरिंग शिकलेला, हे ध्यानात ठेवा.

१९६०ची गोष्ट. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही कंपनी त्याच्याकडून दहा-दहा दिवसांत कृष्णधवल सिनेमे करून घ्यायची आणि ते जोडीनं विकायची. कॉर्मन म्हणाला, दोनाऐवजी एकच करू. पण रंगीत, सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्यावर, १५ दिवसांत. तोच ‘हाउस ऑफ अशर’. कथा एडगर ॲलन पोची, १८३९मधली, म्हणजे हक्कांचे पैसे वाचले. कंपनीचे निर्माते आर्कॉफ यांनी विचारलं, यात राक्षस कुठाय? हा म्हणाला, घरच राक्षस आहे! पुढे सेटवर मुख्य नट व्हिन्सेंट प्राइस अडला. घर जिवंत आहे, घर श्वास घेतंय, या वाक्याचा अर्थ काय? कॉर्मननं सांगून टाकलं, बाबा, या वाक्यामुळेच आपल्याला सिनेमा करायला मिळालाय. मग प्राइसनं ते मनापासून म्हटलं.

घर उभं केलं कलादिग्दर्शक डॅनियल हॅलरनं. युनिव्हर्सल स्टुडिओतले सेटचे जुने तुकडे त्यानं अडीच हजार डॉलरला उचलले. शूटिंग संपल्यावर ते मोडीत काढले नाहीत. पुढच्या सिनेमाला तेच फिरवून लावायचे, वर नवे जोडायचे. त्यामुळे खर्च बेताचा राहिला आणि वाडा मात्र दर सिनेमात थोरला होत गेला.

त्याच सुमारास हॉलिवूडच्या टेकड्यांवर वणवा लागला. लोक हळहळले, कॉर्मन कॅमेरा घेऊन पोचला. राखेची जमीन, कोळसा झालेली झाडं, वरून थोडं धुकं, आणि त्यातून घोड्यावर येणारा नायक. असा सेट लावायला किती सुतार लागले असते, विचार करा. सिनेमात शेवटी घर जळायला हवं होतं. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एक जुनं कोठार पाडायचं होतं. मालकाला ५० डॉलर दिले आणि ते रात्री पेटवलं. त्या जळत्या तुळया कोसळताना तुम्ही त्याच्या पुढच्या सिनेमांतही पाहिल्यात, फक्त ओळखल्या नसतील.

पण काटकसर अंगाशीही येते. १९६३च्या ‘द टेरर’मध्ये, आधीच्या सिनेमाचा किल्ल्याचा सेट मोडायच्या आत नट बोरिस कार्लोफची दृश्यं उरकली. पटकथा पुरती झालीच नव्हती. उरलेलं दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलापासून नट जॅक निकल्सनपर्यंत जो मोकळा सापडेल त्यानं काही महिने तुकड्यातुकड्यांनी चित्रित केलं. जोडून पाहिलं, तर कोण कोणाचं काय लागतं, कळेना. मग एक दृश्य नव्यानं घेतलं. नायक निकल्सन नोकराला दाराशी दाबून धरतो आणि दरडावतो, इथे चाललंय काय, सांग! तो बिचारा सगळं कथानक सांगून मोकळा होतो.

आणि शेवटी तो किल्ला पाण्यानं बुडवला. घरं जाळून जाळून कॉर्मनला कंटाळा आला होता.