अडीच आण्यांची बैलगाडी

(भिंगाखाली तिकीट. चिमट्याची टोकं.)

जांभळी शाई. चौकटीत राजा सहावा जॉर्ज, आणि त्याच चौकटीत डाकेची बैलगाडी. किंमत अडीच आणे. साल १९३७.

(नाशिकरोड. रस्त्यावरून दिसणारी प्रेसची भिंत.)

छापलं ते इथं, नाशिकरोडला. हा छापखाना १९२५ सालचा. त्याआधी हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून छापून यायची.

(अल्बमचं पान, डावीकडून उजवीकडे.)

एक आण्यापर्यंत नुसता राजाचा चेहरा. दोन आण्यांपासून डाक रस्त्याला लागते. दोन आणे, पायी धावणारा हरकारा. अडीच, बैलगाडी. तीन, टांगा. साडेतीन, उंट. चार, आगगाडी. सहा आण्यांना आगबोट, आठला मोटारलॉरी, बाराला विमान. रुपयापासून पुन्हा राजा. बैलाची पायरी माणसापेक्षा अर्धा आणा वर, एवढंच.

(पहाट. खिल्लार जोडी. जू मानेवर घेताना.)

शिवळा, म्हणजे जुवाच्या खुंट्या, बसल्या. जोते, म्हणजे गळ्याखालचे पट्टे, आवळले. कासरा हातात. हाक मारायची गरजच पडत नाही.

(पुन्हा तिकीट. जवळून.)

आता गंमत बघा. १९३८ साली साम्राज्याची हवाई टपाल योजना हिंदुस्थानात आली. इंग्लंडला अर्ध्या औंसाचं पत्र, अडीच आणे. म्हणजे बैलगाडीचं तिकीट चिकटवायचं, आणि पत्र विमानानं जायचं!

पुढं युद्ध आलं, कागद आखडला, तिकिटं लहान झाली. त्यांवर फक्त राजा उरला.

(दुसरं तिकीट. नांगर.)

पण या सगळ्या मालिकेत बैल वाट चालतो, शेतात उतरत नाही. नांगर दिसतो तो ब्रह्मदेशाच्या तिकिटावर. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला, पुढच्याच वर्षी त्याची स्वतःची चित्रं आली. राजाची नौका, सागाचा ओंडका हलवणारा हत्ती, इरावतीवरचं शिडाचं गलबत. आणि साडेतीन आण्यांना हा, भातखाचरात नांगर धरलेला शेतकरी. हेही नाशिकलाच छापलेलं. तिकडचा नांगर इकडच्या शाईत.

त्या वेळी जगात सर्वांत जास्त तांदूळ ब्रह्मदेशातून निर्यात व्हायचा. खालच्या ब्रह्मदेशातली बरीचशी जमीन मात्र मंदीत शेतकऱ्यांच्या हातून सावकारांकडे गेली होती. १९४२ मध्ये जपानी आले आणि बंगालकडे येणारा तांदूळ थांबला.

(अल्बमचं पान उलटतं.)

१९५५. पंचवार्षिक योजनेची मालिका. राजा गेलेला. चार आण्यांवर बैलजोडी. नऊ पैच्या तिकिटावर (बारा पै म्हणजे एक आणा) विहिरीतून पाणी उपसणारी बैलांची मोट. आणि सगळ्यांत स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर, ट्रॅक्टर.

(मोट. धावेवरून, म्हणजे विहिरीजवळच्या उतारावरून, उतरणारे बैल. नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ताणलेला. निवेदन नाही. थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज तेवढा ठेवावा.)