एका कलमाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

बांगलादेशच्या पासपोर्टवर वर्षानुवर्षं एक ओळ छापलेली असायची. हा पासपोर्ट इस्रायल वगळता जगातल्या सर्व देशांसाठी वैध आहे. पुढे नवे ई-पासपोर्ट आले आणि त्यातून ती ओळ गळली. २०२१ साली हे लोकांच्या लक्षात आलं आणि गदारोळ झाला. आमचं परराष्ट्र धोरण बदललेलं नाही, असं सरकारला सांगावं लागलं. एप्रिल २०२५ मध्ये ती ओळ पुन्हा छापण्याचा आदेश निघाला. राज्यघटना, धर्म आणि परराष्ट्र धोरण यांचं नातं नेमकं काय, हा प्रश्न मला त्या ओळीपाशी पडला. त्याचं उत्तर शोधायला या देशाइतकी बोलकी जागा दुसरी नाही.

१९७१ साली इस्लामच्या नावावर उभ्या राहिलेल्या पाकिस्तानच्या सैन्याने बंगाली मुसलमानांवरच बंदुका चालवल्या. त्या रक्ताच्या आठवणीतून १९७२ ची घटना लिहिली गेली. राष्ट्रवाद, समाजवाद, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता हे तिचे चार खांब. धर्माच्या नावाने राजकीय पक्ष काढायलाही तिने मनाई केली.

आता गंमत पाहा. हीच घटना लागू असताना, देशाचे संस्थापक शेख मुजीब सत्तेवर असताना, १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात बांगलादेशने इजिप्तच्या सैनिकांसाठी चहा पाठवला. नुकत्याच जन्मलेल्या गरीब देशाकडे देण्यासारखं होतं ते चहाच! फेब्रुवारी १९७४ मध्ये लाहोरला इस्लामी शिखर परिषद भरली. कुवेतच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ ढाक्याला आलं, २२ तारखेला पाकिस्तानने मान्यता दिली आणि दुसऱ्या दिवशी मुजीब लाहोरला पोचले. घटनेत धर्मनिरपेक्षता होती, तरी मुस्लिम देशांशी मैत्री अडली नाही. मान्यता हवी होती, तेल हवं होतं, मदत हवी होती.

त्या चहाची परतफेड म्हणून इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी ३० रणगाडे भेट दिले. १५ ऑगस्ट १९७५ च्या पहाटे ढाक्याच्या रस्त्यांवर बंडखोर अधिकाऱ्यांनी तेच रणगाडे उतरवले. मुजीब मारले गेले, घरातली लहान मुलंसुद्धा मारली गेली. एवढी वर्षं झाली, तरी हे वाचताना माझा हात थांबतो. सौदी अरेबियाची मान्यता आली ती त्यानंतर, दुसऱ्याच दिवशी.

१९७७ साली लष्करी सत्ताधीश झियाउर रहमान यांनी फर्मान काढून घटनेतली धर्मनिरपेक्षता काढली. तिच्या जागी अल्लाहवरची पूर्ण श्रद्धा आली, आणि पंचविसाव्या कलमात एक नवं उपकलम आलं : इस्लामी एकजुटीच्या आधारावर मुस्लिम देशांशी बंधुभावाचे संबंध दृढ करण्यासाठी राज्य प्रयत्नशील राहील. परराष्ट्र धोरणाला धर्माची दिशा, तीही थेट घटनेत!

मग त्या वर्षी घडलं काय? नोव्हेंबर १९७७ मध्ये याच सरकारने गंगेवरच्या फराक्का धरणाच्या पाण्याचा करार केला. कुणाशी? भारताशी. कारण चैत्र-वैशाखात गंगेचं पात्र आटतं, तेव्हा पद्मेच्या, म्हणजे बांगलादेशातल्या गंगेच्या, काठचा शेतकरी कुठल्याही धर्माचा असो, त्याला पाणीच लागतं. पुढे दक्षिण आशियाई देशांच्या सार्क संघटनेची कल्पना पुढे रेटली तीही झियांनीच. तिची पहिली परिषद १९८५ साली ढाक्यात भरली. २०११ मध्ये पंधराव्या दुरुस्तीने धर्मनिरपेक्षता परत आणली, ते इस्लामी एकजुटीचं उपकलम काढून टाकलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये बांगलादेश सौदीच्या पुढाकाराने झालेल्या इस्लामी लष्करी आघाडीत सामील झाला! कलम होतं तेव्हा भारताशी करार, कलम गेलं तेव्हा इस्लामी आघाडी.

एकजूट कधीच कामी येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रोहिंग्यांसाठी हेगच्या न्यायालयात २०१९ साली म्यानमारला खेचलं ते आफ्रिकेतल्या चिमुकल्या गांबियाने, इस्लामी सहकार्य संघटनेच्या पाठिंब्यावर. ते मोलाचं काम आहे.

पण घटनेतला धर्म सीमेपलीकडे इतका सैल पडत असेल, तर त्याचा भार कुणावर पडतो? माझं उत्तर साधं आहे. सीमेच्या आत राहणाऱ्यांवर.

१९८८ साली आणखी एक लष्करी सत्ताधीश, इर्शाद यांनी आठव्या दुरुस्तीने इस्लामला राज्यधर्म केलं. त्याविरुद्ध पंधरा नागरिक न्यायालयात गेले. त्यांत कवयित्री सूफिया कमाल होत्या, माजी सरन्यायाधीश कमालुद्दीन हुसेन होते. त्यांतली बहुतेक माणसं स्वतः मुसलमान असूनही शेजाऱ्याच्या हक्कासाठी उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं. याचिका पडून राहिली. सूफियाबाई १९९९ मध्ये गेल्या. बाकीच्यांतलेही अनेक जण एकेक करून गेले. २८ मार्च २०१६ रोजी, अठ्ठावीस वर्षांनी, उच्च न्यायालयाने ती थोडक्याच सुनावणीत फेटाळली. ज्या समितीच्या नावाने ती दाखल झाली होती, तिला दाद मागण्याचा अधिकारच नाही, असं न्यायालयाने सांगितलं. राज्यधर्म घटनेत बसतो की नाही, या प्रश्नाला त्या दिवशी हातही लागला नाही. २०२४ साली बाहेर आलेल्या संपूर्ण निकालपत्रात मात्र तो घटनेशी विसंगत नाही, असं म्हटलं होतं.

आपल्याकडे हा प्रश्न १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत आला होता. हरि विष्णू कामत यांना उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी हवी होती. देवाला मताला टाकू नका, अशी पूर्णिमा बॅनर्जींची कळकळ होती. पंडित कुंझरूंनी विरोध केला. कामत हटले नाहीत, मतदान झालं, आणि सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. पाडणाऱ्यांत श्रद्धाळू माणसंही होती. आज आपला मंत्री ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घेतो किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ करतो. निवड त्याची.

ढाक्यात ही निवड पुन्हा समोर आली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या घटना सुधारणा आयोगाने मूलतत्त्वांतून धर्मनिरपेक्षता वगळून बहुत्ववाद, म्हणजे अनेक समाजांना सामावून घेणारं तत्त्व, घालावा, अशी शिफारस केली. कुठला शब्द राहतो याकडे रियाध आणि दिल्ली बघतीलच. माझं लक्ष मात्र खुलना, चितगाव, दिनाजपूरच्या त्या घरांकडे आहे, जिथे संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागतो.

नमस्कार.